अंगठीची मोड

आपली भाषा मोठी सावध आहे. घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. देवापुढचा नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. बायकांच्या हातातली बांगडी फुटली तरी फुटली म्हणायचे नाही, ती वाढवली. इतकी जपून पावले टाकणारी ही भाषा सराफाच्या दुकानात शिरली की मात्र एकाएकी रोखठोक होते. दागिना विकायचा तर तिथे एकच शब्द : मोड. पाटल्या मोडल्या, चपलाहार मोडला, आईची मोहनमाळ मोडीत घातली. आणि दुर्दैव असे की, ठरलेल्या लग्नालाही आपण हाच शब्द लावतो. 'फिसकटलं' म्हणतात ते शेजारी. घरातली माणसे म्हणतात, 'मोडलं.'

तेव्हा लग्न मोडल्यावर साखरपुड्याची अंगठी मोडायला निघालेल्या मुलीच्या कानावर हा शब्द दिवसातून किती वेळा पडत असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

ऐन दिवाळीत हा विषय कशाला, असे कोणी विचारील. पण दिवाळीतच तो सुचतो. धनत्रयोदशीला आणि पाडव्याला सराफाच्या दुकानात पाऊल ठेवायला जागा नसते. घेणाऱ्यांसाठी दर्शनी भागात गाद्या, आरसे, चहा. मोडणाऱ्यांसाठी मात्र मागे, जिन्यापाशी एक लहानसे टेबल, त्यावर काटा आणि चष्मा लावलेले एक गृहस्थ. तिथे येणारा माणूस आजूबाजूला पाहतो, आवाज खाली आणतो. आपल्या आयांनी आणि आज्यांनी मुलांच्या फिया, आजारपणे आणि घराचे हप्ते याच टेबलावर भागवले. सोने घ्यायचे ते अडीनडीला मोडण्यासाठी, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरीही मोडताना मान खाली का जावी, हे मला कळत नाही.

लग्नात मुलीला बोहल्यापर्यंत आणण्याचे काम मामाचे. आमच्या भाचीच्या बाबतीत मामाने तिला सराफापर्यंत नेले. साखरपुडा 2025 च्या माघात झाला. ज्येष्ठात मुलाकडून नकार आला. कारण मला दोन्हीकडून दोन सांगण्यात आली, दोन्ही पटली नाहीत, असो. मुलाला आमच्याकडून घातलेली सोन्याची साधी अंगठी मध्यस्थांच्या हातून आठ दिवसांत परत आली. त्याने हिला घातलेली हिऱ्याची अंगठी मात्र 'राहू दे' म्हणून इथेच राहिली. तिकडे मंगल कार्यालयात मेहुण्यांनी भरलेली आगाऊ रक्कम करारातल्या बारीक अक्षरांप्रमाणे बुडाली. मेहुणे सेवानिवृत्त आहेत. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळचे फिरणे तेवढे त्यांनी लांबवले. मुलीच्या ते ध्यानात आले.

"मामा, दोन्ही अंगठ्या मोडून बाबांचे पैसे परत करायचे," ती म्हणाली.

झाले! घरात सभा भरली. बहिणीचे म्हणणे, ती वस्तू बँकेच्या लॉकरात टाका, दृष्टीआड होऊ दे. एका काकूंनी देवीच्या दानपेटीचा मार्ग सुचवला. दुसऱ्या म्हणाल्या, आटवून धाकटीच्या लग्नात वेढणी करा. सोन्याला कसला आलाय अपशकुन? कोणी म्हणाले, परत त्यांच्या तोंडावर फेका. ज्या मुलीच्या बोटातून ती उतरली होती तिला कोणी विचारीना. शेवटी आमच्या आईने, म्हणजे भाचीच्या आजीने निकाल दिला. "घर घेताना इसार देतात की नाही? घेणारा फिरला तर इसार बुडतो. त्यांनी मोडलं, त्यांचा इसार बुडाला. आपण मोडलं असतं तर अंगठी त्याच दिवशी परत करायला हवी होती."

आई चौथीपर्यंत शिकली. पण लंडनच्या न्यायालयात 1926 साली न्यायमूर्ती मॅकार्डी यांनी नेमके हेच ठरवले होते : सबळ कारणावाचून मुलगी फिरली तर अंगठी परत, मुलगा फिरला तर त्याला ती मागता येत नाही. पुढे 1970 साली इंग्लंडने कायदाच केला. अंगठी ही बिनशर्त भेट समजावी. लग्न न झाल्यास परत करण्याच्या अटीवर ती दिली होती, असे देणाऱ्याने सिद्ध केले तरच गोष्ट वेगळी. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उलटे वारे आहे. मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायालयाने 2024 च्या नोव्हेंबरात 70 हजार डॉलरच्या एका अंगठीचा निवाडा करताना म्हटले, दोष कोणाचा हे आम्ही पाहणारच नाही; लग्न झाले नाही, अंगठी देणाऱ्याला परत. मी हे आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मग तिथल्या मुली बोट पुढे करतात तरी कशाला?"

यात आईचा विनोद नव्हता. अंगठी हा खरोखरीच इसार आहे, असे मार्गारेट ब्रिनिग या अमेरिकन कायदेपंडित बाईंनी 1990 साली एका निबंधात मांडले आहे. पूर्वी तिकडे लग्नाचे वचन मोडणाऱ्या पुरुषावर मुलीला दावा लावता येई. 1935 पासून एकेका राज्याने तो हक्क काढून घेतला, आणि त्याच काळात हिऱ्याच्या अंगठीची मागणी वाढत गेली. कोर्टाची हमी गेली, तेव्हा बोटातली हमी आली. आपल्याकडे साखरपुडा म्हणजे नावाप्रमाणे साखरेचा पुडा. चारचौघांसमक्ष तो हाती आला की शब्द झाला. साखर वाटून खाऊन संपते. मोडायला काही मागे उरत नाही, ही तिची मोठीच सोय होती.

हिऱ्याची कथा आणखी निराळी. दक्षिण आफ्रिकेत खाणी सापडल्यापासून हिरा हा काही तितका दुर्मिळ राहिला नाही. नवा माल खपवायचा तर लोकांनी जुना बाजारात आणता कामा नये. डी बिअर्स कंपनीसाठी 'हिरा हा कायमचा' अशा अर्थाचे प्रसिद्ध वाक्य 1947 साली फ्रान्सिस गेरेटी या जाहिरात लिहिणाऱ्या बाईंनी लिहिले. बाई स्वतः जन्मभर अविवाहित राहिल्या. कायमचा म्हणजे विकायचा नाही, हे ओघाने आलेच. एडवर्ड एपस्टाइन या पत्रकाराने 1982 साली मोठा लेख लिहून दाखवले की घेतलेला हिरा विकायला गेलेल्या माणसाला काय अनुभव येतो. आम्हाला तो लेखाशिवायच आला.

श्रावणातल्या एका सकाळी आम्ही दोघे आमच्या नेहमीच्या सराफाकडे गेलो. साधी अंगठी आधी पुढे केली. आत 916 चा शिक्का, म्हणजे 22 कॅरेट, आणि शेजारी सहा अक्षरी-अंकी खूण. दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती 2021 च्या जूनपासून टप्प्याटप्प्याने आली आणि ही सहा चिन्हांची खूण 1 एप्रिल 2023 पासून विक्रीला आवश्यक झाली. पूर्वी सराफ कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढून तेजाबाचा थेंब टाकी. आता यंत्राच्या खोक्यात दागिना ठेवला की कस आकड्यांत दिसतो. दहा मिनिटांत काम झाले. घडणावळ गेली, घेताना भरलेला तीन टक्के कर गेला, सोने सोन्याच्या भावाने मिळाले. दहा ग्रॅमचा भाव 2025 च्या एप्रिलात प्रथमच लाखाला लागला होता, त्यामुळे माघात घेतलेली वस्तू श्रावणात रुपयांत काही तोट्याची ठरली नाही.

मग दुसरी. काट्यावर 4.260 ग्रॅम. हिरा 30 सेंटचा; शंभर सेंटचा एक कॅरेट आणि कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, तेव्हा खड्याचे वजन 60 मिलिग्रॅम. उरले 4.200. पण हे सोने 18 कॅरेट, कारण खडा घट्ट धरायला कठीण धातू लागतो. म्हणजे चोख सोने तीन चतुर्थांश, 3.150 ग्रॅम. कॅरेट हा एकच शब्द खड्याचे वजन सांगतो आणि सोन्याचा कसही, हा घोळ कोणी घातला देव जाणे. (आमच्या आईच्या कोशात कॅरेटचा अर्थ एकच : 1963 च्या जानेवारीत मोरारजीभाईंच्या सुवर्णनियंत्रणाने 14 कॅरेटहून चोख नवे दागिने घडवायला बंदी केली, आणि आईचे लग्न नेमके त्याच वर्षी झाले. त्या सोन्याला ती अजून पितळ म्हणते.)

"सोन्याचे पैसे देतो," सराफ म्हणाले. "खडा काढून पुडीत बांधून देतो. तो आम्ही घेत नाही. ज्यांच्याकडून घेतलाय ते घेतील. पावती न्या आणि हिऱ्याचं प्रमाणपत्र न्या."

पावती! ती अर्थात मुलाकडे. मी म्हटले, मध्यस्थांना सांगतो. भाची म्हणाली, "नको. मीच मागते." दोन महिन्यांत दोघांचे बोलणे नव्हते. तिने दुकानाच्या पायरीवर उभे राहून फोनवर तीन शब्द लिहिले : अंगठीची पावती हवी. उत्तर तासाभराने आले. मूळ कागद कुरिअरने पाठवतो. इंग्लंडच्या कायद्यापेक्षा ही ओळ मला अधिक पक्की वाटली. पावती पाठवणारा माणूस पुढे हक्क सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी पाकीट आले. आत प्रमाणपत्र, पावती, चिठ्ठी नाही. पावतीवर सोन्याचे वजन, खड्याचा दर, मजुरी, कर, एकूण. आणि त्याखाली वजाबाकीची एक ओळ : जुने सोने जमा, बांगडी 1, 6.300 ग्रॅम. उरलेले रोखीने.

भाची बराच वेळ ती ओळ वाचत बसली. मग तिने फोनमधले साखरपुड्याचे फोटो काढले. मुलाच्या आईच्या एका हातात सोन्याची बांगडी होती. दुसऱ्या हातात नुसती हिरवी काकणे.

"मामा, त्यांनी आपली बांगडी मोडून केली ही."

मला काही सुचले नाही. बाईंचा त्या सगळ्या प्रकरणात एक शब्द वावगा गेला नव्हता. नकार आला त्या दिवशी त्यांनी माझ्या बहिणीला फोन करून नुसते रडून घेतले होते. आता ही अंगठी परत न्यावी का? भाचीने दोन रात्री विचार केला. आजीलाही विचारले. आजी नेहमीसारखी ताडकन बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तिनं बांगडी मोडली ती मुलासाठी. ती मुलानं बुडवली. तू परत केलीस तर तिला घेताना आणखी लाज वाटेल. वाटलं तर तिच्याशी बोल. पैशाचा विषय काढू नकोस." भाचीने फोन केला, दार लावून. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही.

मग आम्ही ते दुसरे दुकान गाठले. तिथली रीत अशी, की हिऱ्याची किंमत पुरी हवी असेल तर तिथेच नवा दागिना घ्या. पैसे हवे असतील तर कपात. दुकानदाराला पैसा दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नसतो, यात त्याचे चुकत नाही. आपण एवढेच करावे : खड्याचे वजन वेगळे लिहून घ्यावे, कस आपल्यासमोर तपासून घ्यावा, शक्य तर दोन दुकाने फिरावी. आयकराच्या नियमामुळे दहा हजारांच्या वर रोख कोणी हातावर ठेवत नाही, तेव्हा बँकेचे आणि ओळखीचे कागद जवळ असू द्यावेत. भाचीने कपात पत्करली. टेबलावरच्या मुलाने सवयीने विचारले, "नवीन काय दाखवू?" ती म्हणाली, "काही नको."

त्याने अंगठी काट्यावर ठेवली. 4.260. पावतीवरचे वजन आणि हे वजन तंतोतंत जुळले. माघापासून श्रावणापर्यंत गुंजभरही झीज नव्हती. मग ती इतरांच्या तुटक्या साखळ्या आणि एकाएकट्या कुड्या असलेल्या ट्रेमध्ये गेली, आणि मुलाने आमच्यासाठी नवा कागद लिहायला घेतला.

रात्री भाचीने दोन्ही अंगठ्यांचे पैसे वडिलांच्या खात्यात भरले. कार्यालयात बुडालेली रक्कम त्याहून सात हजारांनी जास्त होती. ते ती दिवाळीच्या बोनसमधून देणार आहे, आणि मेहुण्यांनी ते घ्यायचे कबूल केले आहे.