लोणार गुलाबी झालं, मग मॅपमध्ये हिरवंच का?

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि बुलढाणा जिल्हा देशभर बातम्यांत आला. आता गूगल मॅप्सवर लोणार शोधून सॅटेलाइट व्ह्यू लावा. पाणी हिरवंच दिसेल. बातमी खोटी नव्हती. मॅपमधलं चित्र लाइव्ह नसतं, एवढंच. वेगवेगळ्या दिवशी काढलेले, ढग नसलेले फोटो जोडून ते बनतं. ते काही महिने, कधी काही वर्षं जुनं असू शकतं.

मग तो रंग बघायचा कुठे? नासाने लँडसॅट ८ उपग्रहाची २५ मे आणि १० जून २०२० ची चित्रं शेजारी शेजारी दिली आहेत. पहिल्यात हिरवं, दुसऱ्यात गुलाबी. कोपर्निकस ब्राउझर या युरोपच्या मोफत वेबसाइटवर तर तारीख तुम्हीच निवडता. तिथल्या सेंटिनेल-२ चित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. सरोवर सुमारे १.२ किलोमीटर रुंद, म्हणजे साधारण १२० ठिपके. तुमचं घर ओळखू येणार नाही, पण पाण्याचा रंग आणि काठ कुठवर सरकला हे कळतं. (पावसाळ्यातल्या तारखा निवडल्यात तर बहुतेक ढगच बघाल.)

भूगोलाच्या तासाला हे सोनं आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर सांगतात. गूगल अर्थमधल्या मोजपट्टीने तो वर्गातच मोजता येतो. प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा येईल, कारण काठ नेमका कुठे धरायचा? खरा धडा त्या भांडणात आहे. रंग का बदलला हे मात्र कुठलाही मॅप सांगत नाही. त्यासाठी पाण्याचे नमुने तपासावे लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण सांगितलं ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचं.

तारखेचा हाच घोळ रस्त्यांत जास्त महागात पडतो. उन्हाळ्यातल्या फोटोत पांदण रस्ता स्वच्छ पांढरी रेघ दिसतो. ऑगस्टमध्ये तिथेच काळ्या मातीचा चिखल, बाइकसुद्धा निघत नाही. मॅपला हे कोण सांगणार? २०२२ मध्ये गूगलचं स्ट्रीट व्ह्यू भारतात परत आलं, तेव्हा सुरुवातीच्या १० शहरांत मुंबई, पुणे, नाशिक, अहमदनगर होती. बुलढाणा नव्हतं. कॅमेऱ्याची गाडी आधी शहरात जाते. गावाची माहिती गावातल्यांनीच भरावी लागते.

ओपनस्ट्रीटमॅपवर रस्ता डांबरी की मातीचा, हे नोंदवता येतं. शाळेतली पोरं आपापल्या गावाच्या पांदणींपासून सुरुवात करू शकतात. फक्त तिथे केलेला बदल लगेच सगळ्यांना लागू होतो, त्यामुळे स्वतः चालून पाहिलेलाच रस्ता भरा. गूगलवर बदल सुचवलात तर तो तपासून मगच दिसतो.

आणि तोवर पावसाळ्यात पाहुण्यांना किंवा अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला नुसतं लोकेशन पाठवू नका. खाली एक ओळ टाइप करा: ‘डांबरी रोडने या, पांदणीने नको.’