भूत पडद्यावर, भीती पाड्यावर

काल रात्री उशिरापर्यंत जागून 'घोस्ट स्टोरीज' पाहिला. १ जानेवारी २०२० ला नेटफ्लिक्सवर आलेला, माझा राहून गेला होता. झोया अख्तर, अनुराग कश्यप, दिबाकर बॅनर्जी, करण जोहर. नावं चार, गोष्टी चार, आणि भीती? दिबाकरचा भाग सोडला तर काहीच नाही. त्यात मोठं गाव छोट्या गावाला खातं. आपल्या नंदुरबारच्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही!

कथा नव्हत्या का? नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींनी भयकथांचा ढीग लिहून ठेवलाय. २०१८ च्या 'तुंबाड'मागेही धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. पण वाचायचे कष्ट कोण घेणार? त्यापेक्षा दार करकरवलं की झालं.

माझा खरा राग वेगळा आहे. आपल्याकडच्या बहुतेक भुताच्या सिनेमात शेवटी भूत कोण? बाईच. चुडैल, हडळ, डाकीण. शहरात ती करमणूक. इकडे धडगाव-अक्कलकुव्याकडे एखाद्या विधवेला कुणी 'डाकीण' म्हटलं, की मारहाण, बहिष्कार, गाव सोडणं, सगळं तिच्याच वाट्याला. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, पण तो पाड्यापर्यंत पोचवणार कोण?

दाराबाहेर जमलेला जमाव, आत एकटी म्हातारी. याहून भयंकर गोष्ट कोणती? ती आपल्याच पोरांनी लिहावी. आणि तोवर, कुणी कुणाला डाकीण म्हणताना ऐकलं तर गप्प बसू नका. सरळ पोलीस ठाण्यात कळवा.