सिंगापूर डेझी आणि आमचा पिवळा माका

परवाच्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझं भांडण झालं. पार्किंगवरून नाही, टँकरच्या पाण्यावरूनही नाही. फुलावरून!

विषयपत्रिकेत शेवटून दुसरा मुद्दा होता 'बागेचे सुशोभीकरण'. मागच्या कंपाउंड वॉलला लागून मोकळी पट्टी आहे, तिथे वेडेलिया लावायचा. कंत्राटदाराने फोटो आणले होते. वर्षभर हिरवागार गालिचा, वर पिवळी फुलं, खत नको, रोजचा माळी नको. सगळे खूश. मी म्हटलं, "हे लावू नका." सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, फुलंच आहेत ना? फुलांचा कसला त्रास?" हशा झाला. मी तावातावाने काहीतरी बोलले, मध्येच अडखळले आणि ठराव पास झाला. विरोधात हात एकच. माझा.

तर तिथे जे धड बोलता आलं नाही ते आता इथे. घरच्यांचं ऐकून ऐकून पाठ झालंय, त्यांनी सोडून दिलं तरी चालेल :-)

वेडेलिया तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, नाव माहीत नसेल इतकंच. रस्त्याच्या दुभाजकात, बंगल्यांच्या कुंपणाशी, पेट्रोल पंपाच्या कडेला जमिनीलगत पसरलेली वेल. जाड, चकचकीत, तीन टोकांची पानं आणि पिवळीधमक फुलं. नर्सरीवाले तिला 'सिंगापूर डेझी' म्हणतात. सिंगापूरशी तिचा संबंध एवढाच, की तिथेही ती पाहुणीच आहे. मूळ गाव उष्ण कटिबंधातली अमेरिका.

डेझी म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातलं फूल. आपल्याला जे एक फूल वाटतं तो खरा तर अख्खा मेळावा असतो. कडेची एकेक 'पाकळी' हे एकेक फूल आणि मधल्या चकतीत दाटीवाटीने बसलेली आणखी बारीक बारीक फुलं. शेवंती, झेंडू, सूर्यफूल सगळी याच कुळातली. आणि हो, गाजरगवतसुद्धा!

आता माझ्या भांडणाचं मूळ. आमच्या वसईतही एक डेझी आहे. अस्सल इथली, कोणी न लावलेली. तिचं नाव पिवळा माका.

माका म्हटलं की लोकांना केसांच्या तेलाचा पांढऱ्या फुलांचा माका आठवतो. हा त्याचा पिवळा भाऊ. ओलसर जागेत, भातशेताच्या बांधाच्या पायथ्याशी, पाण्याच्या कडेला जमिनीवर सरपटत वाढतो आणि पेरापेराला मुळं सोडतो. पान लांबट, साधं, थोडं खरखरीत, कडेला किंचित दातेरी. लांब देठावर एकच पिवळं फूल. आमची आत्या याचा पाला खोबरेल तेलात उकळायची. ऐंशीव्या वर्षी तिच्या डोक्यावर केवढे केस होते! (तेलामुळे की आमच्या घराण्यामुळे, ते देव जाणे.)

आत्याची वाडी निर्मळच्या बाजूला. वाडीत बावखल. जे वसईचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं, आजूबाजूच्या विहिरींना आधार द्यायचं. पूर्वी रहाटाने तेच पाणी केळीला, पानवेलीला, फुलांना दिलं जायचं. आमच्या बावखलाच्या तिन्ही काठांवर पिवळा माका होता. त्याची मुळं काठाची माती धरून ठेवायची. पावसाळ्यात तिथे पाय ठेवला तरी माती सरकायची नाही, हे मला लहानपणापासून आठवतंय.

साताठ वर्षांपूर्वी शेजारच्या जागेत एक बंगला झाला. बाग झाली, बागेत वेडेलिया आला. तो वाढतो म्हणून दर दोन महिन्यांनी छाटायचा. छाटलेलं कुठे टाकायचं? कुंपणापलीकडे, बावखलाच्या काठी. त्यांच्या दृष्टीने तो पालापाचोळा होता. पण वेडेलिया बीपेक्षा कांडीनेच जास्त पसरतो. प्रत्येक पेर म्हणजे एक नवं रोप. म्हणजे त्यांनी कचरा टाकला नाही, हजारो रोपं टाकली! दोन पावसाळ्यांत दोन काठ वेडेलियाने झाकले. गुडघाभर जाडीची गादी. तिच्याखाली उजेड जात नाही, त्यामुळे दुसरं काही उगवतही नाही. आज पिवळा माका उरलाय तो फक्त पाण्यात उतरायच्या दगडी पायऱ्यांपाशी. एका सतरंजीएवढा.

आणि कोणालाही काही गेल्यासारखं वाटत नाही! कारण काठ अजून हिरवा आहे आणि फुलं अजून पिवळी आहेत. झाड तोडलं तर निदान खोड दिसतं. इथे चोरी होते आणि चोर मालकाचेच कपडे घालून ओट्यावर बसतो.

हे माझ्या एकटीचं खूळ नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने २००० साली जगातल्या सर्वांत वाईट अशा १०० आक्रमक परकीय प्रजातींची यादी काढली. त्या यादीत घाणेरी आहे, रानमोडी आहे, तलाव गिळणारी जलपर्णी आहे आणि आमच्या सोसायटीने मंजूर केलेला हा वेडेलियाही आहे. जलपर्णी कोणी पैसे देऊन तलावात सोडणार नाही. वेडेलियासाठी मात्र आम्ही कोटेशन मागवतो.

आणखी एक गंमत, म्हणजे खरं तर गंमत नाहीच. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात हे दोघे एकाच प्रजातीकुलातले, सख्ख्या चुलत भावांसारखे. दक्षिण चीनमध्येही हीच कथा घडली. तिथे या दोघांचा संकर झाल्याचं संशोधकांनी नोंदवलं आहे. म्हणजे पिवळा माका नुसता दडपला जाईल असं नाही, त्याचं वेगळेपणच पुसलं जाऊ शकतं.

आता मीटिंगमधले आक्षेप एकेक करून घेते.

पहिला : "बाहेरचं, बाहेरचं काय करता? चिकू कुठला? मिरची, पपई, काजू, झेंडू कुठले?" अगदी बरोबर. सगळे अमेरिकेतले. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं पोर्तुगीज राजवट पाहिलेल्या वसईत हे कोणी मला सांगायची गरज नाही. आमची अर्धी वाडी परदेशी आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण चिकू कधी कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या बावखलात उतरला नाही. झेंडू दरवर्षी तुम्ही पेराल तेव्हाच उगवतो. माझं भांडण बाहेरून आलेल्याशी नाही, दुसऱ्याला उठवून त्याच्या जागेवर बसणाऱ्याशी आहे. (हे झाडांबद्दल चाललंय. माणसांबद्दल नाही! वसईत 'बाहेरचे' शब्द उच्चारला की चर्चा कुठे जाते ते मला ठाऊक आहे आणि मला तिकडे जायचं नाही.)

दुसरा : "फुलपाखरं येतात हो त्यावर." येतात, खोटं कशाला बोलू? मधमाश्याही येतात. पण फुलपाखराला नुसता मध पुरत नाही, अळीला खायला आपापली ठरावीक झाडं लागतात. तिन्ही काठांवर एकच वेल पसरली तर हॉटेल उघडलं आणि घरं पाडली असं होतं.

तिसरा, सगळ्यात वजनदार : "मेंटेनन्स नाही." हेच तर भीतीचं कारण! ज्याला काही म्हणजे काही लागत नाही, त्याला थांबवायलाही काही सापडत नाही. गाजरगवताचं उदाहरण समोर आहे. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली, आयात गव्हाबरोबर आलं असं मानतात. आज देशभर आहे आणि खाज, दमा सोसतोय आपण. ते निदान नकळत आलं. इथे आपण स्वतः खड्डे खणून लावतोय.

आता थोडं आपल्या बाजूच्या लोकांनाही बोलते, नाहीतर ते सुटतील. 'देशी रानफुलं' हे हल्ली फॅशनमध्ये आहे. घाटावर सोनकीचे पिवळे सडे पाहून येताना कोणीतरी मुळासकट उपटून पिशवीत घालतं. अहो, सोनकी पावसाळी आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलते आणि बी टाकून वाळते. वसईच्या गॅलरीत ती काय जगणार? कास पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं ते तिथे राहण्यासाठी, तुमच्या कुंडीत येण्यासाठी नाही. ज्या मातीतली डेझी त्या मातीत. घाटाला सोनकी, आमच्या ओल्या वाडीला पिवळा माका.

आणि तो जपणं कठीण नाही. मी गेली चार वर्षं गॅलरीत एका पसरट टबात वाढवतेय. पावसाच्या सुरुवातीला तीन-चार पेरांची, वीतभर लांब कांडी घ्यायची आणि ओल्या मातीवर आडवी ठेवून पेरं मातीत दाबायची. आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं धरते. अर्धा दिवस ऊन पुरतं. माती कायम ओली हवी, एप्रिल-मेमध्ये एक दिवस पाणी चुकलं तरी पानं करपतात. (म्हणजे मेंटेनन्स आहे, कबूल!) दिवाळीनंतर हलकी छाटणी. तणनाशक जवळपासही नको. घेताना पान मात्र नीट बघा. जाड, चकचकीत आणि तीन टोकांचं असेल तर तो वेडेलिया. लांबट, साधं, खरखरीत असेल तर आपला.

आणि घरी वेडेलिया असेल तर मुळासकट काढा, गच्चीवर सिमेंटवर पसरून कुरकुरीत होईपर्यंत वाळवा, मगच फेका. नाल्यात, बांधावर, रिकाम्या प्लॉटमध्ये ओला टाकू नका. एवढं एक केलंत तरी पुष्कळ.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसईसाठी इथली माणसं रस्त्यावर उतरली. फादर दिब्रिटोंसारखी माणसं पुढे होती. मी तेव्हा शाळेत होते, पण घराघरात तीच चर्चा असायची हे पक्कं आठवतंय. ते भांडण वाडी, विहीर आणि बावखल यांच्यासाठी होतं, नुसत्या हिरव्या रंगासाठी नाही. रंगच हवा असेल तर प्लॅस्टिकचं गवतही मिळतं, त्याला तर पाणीसुद्धा लागत नाही.

आमच्या मागच्या भिंतीपलीकडे गटार आहे आणि ते गटार पुढे एका बावखलाच्या कडेने जातं. तिथे पिवळा माका आहे, मी जाऊन पाहून आले. म्हणून काल सेक्रेटरींना लेखी पत्र दिलं. एक, वेडेलियाऐवजी पिवळा माका लावा, रोपं मी फुकट देते, पहिलं वर्ष पाणीही मी घालते. दोन, ते मान्य नसेल तर छाटलेला वेडेलिया भिंतीपलीकडे टाकणार नाही ही अट निदान ठरावात लिहा. ते म्हणाले, "बघू." मीटिंगमध्ये हसले होते, काल हसले नाहीत. एवढीच प्रगती.

काम पावसाच्या तोंडावर सुरू होणार आहे. तोपर्यंत रोज जिन्यात गाठून आठवण करून देणार आहे, वैतागले तरी चालेल.

वसई-विरारमधल्या ज्यांना कांड्या हव्या असतील त्यांनी जूनमध्ये या. चहा मिळेल. पिशवी आपापली आणा.