कमाल मर्यादा कोणाच्या बोलण्यावर?

चर्चेत एका माणसाने कितीदा बोलावे, हा प्रश्न वरवर पाहता शिस्तीचा वाटतो. वस्तुतः तो वाटपाचा प्रश्न आहे. दोन तासांच्या बैठकीस ६० माणसे जमली, तर प्रत्येकाच्या वाट्यास दोन मिनिटे येतात. एखाद्या सराईत वक्त्याने पुन्हा पुन्हा उठून त्यातील ४० मिनिटे घेतली, तर इतर १९ जणांचा वाटा त्याने गिळंकृत केला, असाच त्याचा हिशेब होतो.

बोलण्याच्या पाळ्यांवर बंधन घालणे म्हणजे विचारस्वातंत्र्यावर घाला घालणे होय, असा आक्षेप काही मंडळी घेतात. हा युक्तिवाद परिचयाचा आहे. महाराष्ट्रात १९६१ साली शेतजमिनीच्या धारणेवर कमाल मर्यादा घालणारा कायदा झाला, तेव्हा मोठ्या जमीनदारांनाही आपले स्वातंत्र्यच धोक्यात आल्यासारखे वाटले होते. मर्यादित वस्तूवरील अमर्याद हक्क हा नेहमी दुसऱ्याच्या वंचनेवर उभा असतो. सभेतील वेळ ही तशीच मर्यादित वस्तू आहे.

परंतु मर्यादा घातली की चर्चा आपोआप सुधारते, असे मानणारेही तितकेच चुकतात. आयर्लंडमधील कुळांची चळवळ दडपण्यासाठी ब्रिटिश सरकारने १८८१ साली दडपशाहीचे विधेयक आणले. पार्नेल यांच्या सहकाऱ्यांनी अखंड भाषणे करून ते रोखून धरले. कॉमन्स सभागृहाची बैठक ४१ तास चालली आणि अखेर सभापती ब्रँड यांनी स्वतःच्या अधिकारात चर्चा बंद करून प्रस्ताव मतास टाकला. पुढे चर्चाबंदीचा रीतसर नियमच झाला. वेळेची बचत झाली खरी; पण ती कुळांच्या नव्हे, सरकारच्या खाती जमा झाली.

तेव्हा दोन मर्यादांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. एका सदस्याने एका प्रस्तावावर एकदाच बोलावे, प्रस्ताव मांडणाऱ्यास मात्र उत्तराचा हक्क असावा, असा लोकसभेचा नियम आहे. ही व्यक्तीवरील मर्यादा असून ती चर्चा सर्वांची करते. याउलट २०२१ च्या नोव्हेंबरात शेतीविषयक तीन कायदे रद्द करणारे विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना संमत झाले, आणि २०२३ च्या मार्चमध्ये केंद्राच्या अनुदानाच्या मागण्या लोकसभेत गदारोळात, चर्चेविना मंजूर झाल्या. ही चर्चेवरीलच मर्यादा होय. पहिलीत रेशनचे धान्य वाटले जाते. दुसरीत दुकानालाच टाळे ठोकले जाते.

पाळी एकच मिळाली म्हणून बोलणे दुबळे होत नाही. १९६३ साली लोकसभेत नव्याने आलेल्या डॉ. लोहियांनी २७ कोटी लोक दररोज तीन आण्यांवर जगतात, असे आकड्यांनिशी मांडले. पंतप्रधान नेहरूंनी १५ आण्यांचा आकडा पुढे केला आणि नियोजनाचा सारा वाद पोटाच्या प्रश्नावर येऊन ठेपला. ते सामर्थ्य किती वेळा बोलले गेले यात नव्हते, पूर्वतयारीत होते. मात्र सरकारला त्याचे उत्तर द्यावे लागले, हे विसरता येणार नाही. उत्तर-प्रत्युत्तराचीच वाट बंद करणारा नियम चर्चेला भाषणांची रांग बनवतो.

कमाल जमीनधारणेच्या कायद्याने एक धडा दिला आहे. अतिरिक्त जमीन भूमिहीनांपर्यंत पोहोचली नाही, तर मर्यादा कागदावरच राहते. सभेतही वाचलेला वेळ न बोलणाऱ्यांपर्यंत पोहोचवावा लागतो. महाराष्ट्राच्या कायद्याने ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद केली ती याच कारणासाठी. केवळ पुरुषांना गप्प बसवून स्त्रिया बोलू लागत नाहीत.

समाजवादी पक्षांच्या बैठकांत हे घडते काय? तेथे कार्यकर्त्याला तीन मिनिटांनी घंटा ऐकू येते आणि नेत्याचा समारोप तासभर चालतो. मर्यादेचा नियम करावयाचा असेल, तर तो व्यासपीठापासून लागू करावा. जो अद्याप बोललेला नाही त्याला प्रथम संधी, दुसऱ्यांदा बोलू इच्छिणाऱ्याला त्यानंतर, आणि ज्याच्यावर टीका झाली त्याला उत्तराचा हक्क, एवढे तीन नियम पुरेसे आहेत. संपत्तीच्या समान वाटपाची भाषा बोलणाऱ्यांनी आधी सभेतील दोन तासांचे वाटप करून दाखवावे.