वेष्टनावरील तेरा अंक

मालाच्या वेष्टनावर काळ्या रेघांची जी चौकट असते, तिच्याखालील क्रमांकाच्या आरंभीं ८९० असल्यास तो माल स्वदेशी समजावा व ६९० असल्यास चीनचा जाणून परत ठेवावा, अशा आशयाचे संदेश मोबाईलवरून घरोघर फिरत असतात. स्वदेशीचा अभिमान धरणाऱ्या कित्येक सुशिक्षित कुटुंबांतहि याच खुणेवर विसंबून डबे व पुड्या पारखल्या जातात. हेतु स्तुत्य खरा; परंतु कसोटीच खोटी असेल, तर तिच्यावर घांसलेल्या सोन्याची पारख काय होणार? म्हणून या बारकोडाचें मर्म आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या रेघांचा उगम अमेरिकेंत झाला. जोसेफ वुडलँड व बर्नार्ड सिल्व्हर या दोघां तरुणांनीं १९४९ सालीं पेटंटाकरितां अर्ज केला व १९५२ सालीं तें त्यांस मिळालें. वुडलँड यांस तारायंत्राची मोर्स लिपि अवगत होती. मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूंत बोटें ओढीत बसले असतां, त्या लिपींतील ठिपके व रेघा खालीं लांबविल्यास जाड व बारीक पट्टे होतात, हें त्यांच्या ध्यानीं आलें. आजच्या रेघांची घडण मात्र आय. बी. एम. कंपनीचे जॉर्ज लॉरर यांची. २६ जून १९७४ रोजीं ओहायो राज्यांतील ट्रॉय या गांवीं, एका दुकानांत च्युइंगमच्या पुडक्यावर ती प्रथम वाचली गेली. तिच्यांत अंक बाराच होते. पुढें युरोपियांनीं एक अंक वाढविला, पण रेघा बारांच्याच ठेविल्या! डावीकडील सहा अंकांस प्रत्येकी दोन रूपें दिलीं, आणि कोणत्या स्थानीं कोणतें रूप आलें आहे यावरून न काढिलेला पहिला अंक यंत्रानें ओळखावा, अशी युक्ति योजिली. आमच्या मतें सबंध योजनेंत याहून चतुर असें कांहीं नाहीं.

आतां ८९० कडे वळूं. हे क्रमांक जी. एस. वन ही आंतरराष्ट्रीय संस्था आपल्या देशोदेशींच्या शाखांमार्फत देते. भारतांतील शाखा १९९६ सालची. तिनें दिलेला क्रमांक ८९० नें सुरू होतो. चीनच्या शाखेकडे ६९० ते ६९९ आहेत, जर्मनीकडे ४०० ते ४४०. म्हणजे हे अंक क्रमांक कोणत्या शाखेनें दिला एवढेंच सांगतात. माल कोठें झाला हें सांगत नाहींत. मुंबईच्या एखाद्या व्यापाऱ्यानें येथील शाखेकडून क्रमांक घेऊन माल चीनमध्यें करवून आणिला, तरी त्यावर ८९० च दिसणार. उलट जर्मन कंपनीचा चाकणच्या कारखान्यांत झालेला माल ४०० चा अंक मिरवूं शकेल. मोटारीवर एम. एच. १२ अशी पाटी असली म्हणजे तिची नोंदणी पुण्यास झाली इतकेंच कळतें. ती पुण्यास घडली असें कोणी म्हणत नाहीं. मूळ स्थान पाहावयाचें तर तें अक्षरांत पाहावें. वेष्टनबंद मालासंबंधींच्या २०११ च्या नियमांप्रमाणें उत्पादकाचें, बांधणी करणाराचें किंवा आयात करणाराचें नांव व पत्ता छापावा लागतो, आणि आयात मालावर मूळ देशाचें नांवहि. टाईप बारीक असतो. चष्मा जवळ ठेवावा.

पुस्तकांनीं तर आपला निराळाच देश वसविला आहे. त्यांचा क्रमांक जगभर ९७८ नें (क्वचित् ९७९ नें) सुरू होतो. आपल्याकडील मराठी पुस्तकाच्या मलपृष्ठावर त्यापुढें ८१ किंवा ९३ दिसेल; ती भारतीय प्रकाशनाची खूण होय.

आरंभींच्या अंकांनंतर कंपनीचा व मग वस्तूचा क्रमांक येतो. पाव किलोची पुडी व अर्ध्या किलोची पुडी यांचे क्रमांक भिन्न असतात. किंमत मात्र त्यांत नसते, आणि मुदतहि नसते. किंमत दुकानाच्या संगणकांत, वाण्याच्या वहींतील खात्याप्रमाणें, त्या क्रमांकासमोर मांडलेली असते. फळीवर एक दर व पावतीवर दुसरा निघाला तर दोष रेघांचा नव्हे, त्या वहीचा. दुकानांतच तोलून चिकटविलेल्या भाजीच्या चिठ्ठीची गोष्ट निराळी. तिचा क्रमांक बहुधा २ नें सुरू होतो व त्यांत वजन किंवा किंमत गुंफलेली असूं शकते.

राहिला तेरावा अंक. तो पहारेकरी आहे. समजा, पहिले बारा अंक ८९०१२३४५६७८९ असे आहेत. डावीकडून विषम स्थानांच्या अंकांची बेरीज २८, सम स्थानांच्या अंकांची ३४, तिची तिप्पट १०२, एकूण १३०. हिला दहानें नि:शेष भाग जाण्यास जितके कमी पडतील तितका तेरावा अंक. येथें कांहींच कमी नाहीं, म्हणून शून्य. आतां ४ च्या जागीं चुकून ७ वाचला गेला, तर बेरीज १३३ होते, शून्य जुळत नाहीं व यंत्र तो क्रमांक नाकारतें. तिप्पटच कां? दुप्पट केली असती तर १ चे दोन व ६ चे बारा होऊन दोहोंचें एकं स्थान एकच आलें असतें आणि चूक लपली असती. तीननें गुणिलें असतां दहाहि अंकांचीं एकं स्थानें वेगवेगळीं येतात. वेदांच्या अक्षररक्षणार्थ आपल्या पूर्वजांनीं क्रम, जटा, घन असे पाठ योजिले, त्यांत पदें उलटसुलट म्हटल्यानें चुकलेलें पद उघडें पडे. या अंकाचें काम त्याच जातीचें आहे. (मात्र एवढ्यावरून बारकोड वेदांत होता असें कोणीं म्हणूं नये.)

हा पहारेकरी एका ठिकाणीं डुलकी घेतो. शेजारच्या दोन अंकांत पांचाचा फरक असून त्यांची अदलाबदल झाली, जसें २७ चे ७२, तर बेरजेंत नेमका दहाचा फरक पडतो व चूक त्यास दिसत नाहीं. रेघा वाचणाऱ्या यंत्राच्या हातून अशी अदलाबदल सहसा होत नाहीं. वेष्टन चुरगळल्यामुळें विक्रेता क्रमांक हातानें घालतो तेव्हां ती संभवते. अशा वेळीं पावतीवर उमटलेलें वस्तूचें नांव तेथेंच वाचून घ्यावें.