मातृमृत्यु आणि आमचें आत्मसमाधान

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असें आपल्याकडे मोठ्या कौतुकानें म्हणण्याचा प्रघात आहे. या वचनांत स्त्रीच्या सहनशीलतेचा गौरव आहे, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस मात्र त्यांत एक निर्दय सोय दिसते. पुनर्जन्म म्हटला कीं आधीं मरण आलेंच. आणि तें एकदां गृहीत धरलें, म्हणजे कोणास जाब विचारण्याचें कारण उरत नाहीं!

परवां एका विद्वान स्नेह्यांशीं या विषयावर बोलणें झालें. ते म्हणाले, "२००१-०३ मध्यें आपल्या देशांत दर लाख जिवंत जन्मांमागें ३०१ माता मरत, २०१८-२० मध्यें तो आंकडा ९७ वर आला. आतां ओरड कशासाठीं?" आंकडे खरे आहेत आणि ही घट लहान नव्हे, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. पण त्याच ९७ च्या पोटांत केरळचे १९, महाराष्ट्राचे ३३ आणि आसामचे १९५ दडलेले आहेत. सरासरी ही मोठी मायावी वस्तु आहे; ती केरळचें यश सर्वांच्या पदरांत घालते आणि आसामचें दुःख कोणाच्याच दृष्टीस पडूं देत नाहीं. साऱ्या जगांत २०२३ सालीं सुमारें २,६०,००० स्त्रिया गर्भारपणाच्या वा बाळंतपणाच्या कारणानें मेल्या. त्यांतील बहुतेक गरीब देशांतल्या. हें काय ओरड थांबविण्याचें लक्षण?

प्रश्न नवा नाहीं. १९८५ सालीं ॲलन रोझेनफील्ड व डेबोरा मेन यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत विचारलें कीं, माता आणि बालक यांच्या नांवानें चाललेल्या कार्यांत माता कोठें आहे? १९८७ मध्यें नैरोबीस परिषद भरून सुरक्षित मातृत्वाची चळवळ सुरू झाली. परंतु सुइणींस चार दिवस शिकविलें आणि तपासणींत 'जोखमीच्या' गर्भवती निवडून काढल्या कीं काम भागेल, ही समजूत पुढें कित्येक वर्षें टिकली. ती खोटी ठरली. जिच्या ठायीं कोणतीच जोखीम दिसली नव्हती, तिच्यावरही ऐन प्रसूतींत संकट कोसळतें. आणि शिकलेल्या सुईणीजवळही रक्त देण्याचें साधन नसतें.

ती चूक टाकून आम्हीं दुसरी धरली. २००५ सालीं जननी सुरक्षा योजना निघाली. दवाखान्यांत बाळंत होणारीस रोख रक्कम मिळूं लागली. २००५-०६ मध्यें संस्थेंत होणारीं बाळंतपणें शेंकडा सुमारें ३९ होतीं. २०१९-२१ मध्यें तीं ८९ च्या घरांत गेलीं. पण २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या, नऊ राज्यांतील जिल्ह्यांच्या एका अभ्यासांत या वाढीचा मातृमृत्यूच्या प्रमाणाशीं ठळक संबंध आढळला नाहीं. दवाखाना निरुपयोगी, असा याचा अर्थ नव्हे. बाई दारापर्यंत आणली, पण दाराआड काय आहे तें पाहिलें नाहीं, एवढाच अर्थ. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव दोन तासांतही प्राण घेतो. तेथें थंड जागीं राखलेलें औषध हवें, रक्त हवें, शस्त्रक्रिया करणारा आणि भूल देणारा डॉक्टर हवा, आणि हें सारें मध्यरात्रींही हवें. तें नसेल तर तिला 'पुढें' पाठविण्यांत येतें. आणि वाटेंतच ती गेली, तरी नोंदवहींत दाखल झालेली बाई म्हणून तिची गणना झालेलीच असते!

गरीब देशास हें परवडणार कसें, असा आक्षेप येईलच. त्यास श्रीलंका हें उत्तर आहे. १९३० च्या दशकांत तेथें दर लाख जन्मांमागें २००० हून अधिक माता मरत. १९८० च्या सुमारास हा आंकडा शंभराखालीं आला. तो देश तोंवर श्रीमंत झाला नव्हता. गांवोगांव प्रशिक्षित सरकारी सुईण आणि तिच्या पाठीशीं मोफत रुग्णालय, एवढी व्यवस्था त्यानें नेटानें उभारली. साधनेंही नेहमींच महाग असतात असें नाहीं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील ८० रुग्णालयांतील प्रयोग २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला. बाळंतिणीखालीं खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावून वाहिलेलें रक्त मोजलें, आणि मर्यादा ओलांडतांच सारे उपचार एकदम सुरू केले. तेवढ्यानें तीव्र रक्तस्राव व त्याचे घोर परिणाम शेंकडा ६० नीं घटले. जें मोजावयाचें तें रक्त. आम्ही मोजतों दाखले!

आमची मागणी साधी आहे. इंग्लंड व वेल्समध्यें १९५२ पासूनच्या मातृमृत्यूंच्या गोपनीय चौकशीचे अहवाल, नांवें वगळून, छापून प्रसिद्ध झाले. आपल्याकडेही अशा चौकशीचे नियम २०१० मध्यें झाले. पण तिचे निष्कर्ष तालुक्यांतील नागरिकांस वाचावयास मिळतात काय? ते मिळाले पाहिजेत. कोणा गरीब परिचारिकेस बळी देण्यासाठीं नव्हे, तर उणीव कोठें राहिली हें चारचौघांत कळावें म्हणून. २००९ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेनें टाळतां येणारा मातृमृत्यु हा मानवी हक्कांचा प्रश्न मानला. हक्क म्हटला कीं दयेची भाषा संपते आणि हिशेबाची सुरू होते.

म्हणून, यापुढें कोणी पुनर्जन्माचें कौतुक किंवा सरासरीचें समाधान सांगूं लागल्यास वाचकांनीं त्यास इतकेंच विचारावें: तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयांत आज रात्रीं रक्त आहे काय?