हवापाणी आणि राहते गाव

आपल्या सुशिक्षित कुटुंबांत निवृत्तीचा काळ जवळ आला, की एका प्रश्नाचा खल सुरू होतो : यापुढे राहावयाचे कोठे? नोकरीने बांधून ठेवलेले गाव आता सोडण्यासारखे असते, हाती थोडीबहुत पुंजी असते आणि मुले आपापल्या संसारात दूर कोठेतरी असतात. नागपूर, अकोला, जळगाव, सोलापूर अशा गावी ज्यांचा जन्म गेला त्यांच्या घरी हा खल बहुधा एकाच वाक्याने संपतो. 'पुण्याची हवा चांगली' हे ते वाक्य होय. ते एकदा उच्चारले गेले की घर विकावयास निघते, झाडांच्या कुंड्या वाटून टाकल्या जातात आणि सामान मालमोटारीत चढते. तीस-चाळीस वर्षांचा शेजार मात्र मालमोटारीत भरता येत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नव्या घरी सामान लावून झाल्यावर येते.

हवेचा विचार करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. ज्यास दम्याचा विकार आहे, ज्याचे हृदय दुबळे आहे, त्याने वैद्याच्या सल्ल्याने गाव निवडावे. त्यास कोणी बोल लावणार नाही. क्षयावर औषध नव्हते त्या काळी मिरज, पाचगणी येथील आरोग्यधामांत लोक हवेच्या आशेने जाऊन राहत, तेही योग्यच होते. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि पुढे त्या आशेची जागा औषधाने घेतली. आमचा आक्षेप आहे तो धडधाकट माणसे हवेची जी अग्रपूजा करतात तिच्यावर. गाव निवडताना हवा हा एक विचार आहे. तो पहिला नाही, आणि तो पहिला मानल्याने माणसाचे आणि गावाचे, दोघांचेही नुकसान होते.

ही अग्रपूजा आपल्यात कोठून आली ते पाहू. इंग्रज अधिकारी या देशात राहण्यास आला नव्हता. नोकरीची मुदत भरून परत जाण्यास आला होता. त्यास हा सारा देश सोसण्याचा प्रकार वाटे, आणि म्हणून तो उष्णतामापक हाती घेऊन गावांची प्रतवारी लावी. मुंबई सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरी जाई, पावसाळ्यात पुण्यास येई. गणेशखिंडीतील ज्या वास्तूत आज विद्यापीठ आहे ते गव्हर्नराचे पावसाळी निवासस्थान होते. मध्यप्रांताचे सरकार नागपूर सोडून पचमढीस जाई. ज्याचे या मातीत कोणी नाही त्याने हवेशिवाय दुसरे काय पाहावे? त्याची प्रतवारी त्याच्यापुरती बरोबर होती. साहेब गेला, प्रतवारी मात्र आम्ही ठेवून घेतली आणि आपल्याच गावांना लावू लागलो.

आमच्या पूर्वजांची रीत निराळी होती. पेशव्यांनी पुणे वसविले ते राज्यकारभाराच्या सोयीने. पण वसविल्यावर कात्रजहून नळाने पाणी आणून शहरातील हौदांत खेळविले. मलिक अंबराने खडकीस राजधानी केली तेव्हा जमिनीखालून नहरी आणल्या. आपली भाषाच पाहा ना. मराठी माणूस नुसती 'हवा' म्हणत नाही, 'हवापाणी' म्हणतो. या जोडशब्दातील पाणी आम्ही अलीकडे गाळून टाकले आहे, आणि त्याची फळे दिसू लागली आहेत.

बंगळूरचे उदाहरण घ्या. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवरील हे शहर निवृत्तांचे नंदनवन म्हणून साऱ्या देशात गाजले. हवेच्या लौकिकावर माणसे आली, माणसांमागून कचेऱ्या व कारखाने आले, तळी बुजली, घरे उठली. २०२४ च्या मार्च महिन्यात तेथील विंधनविहिरी आटल्या आणि सुखवस्तू लोकांस टँकरची वाट पाहत बसावे लागले. कावेरीचे पाणी तेथे सुमारे १०० किलोमीटरांवरून चढ चढवून आणावे लागते. हवा उत्तम, परंतु तोंड धुण्यास पाणी नाही, अशा गावास चांगल्या हवापाण्याचे गाव म्हणता येईल काय?

पुण्याची गोष्ट फार वेगळी नाही. चांगल्या हवेने पुण्याचे पूर्वीही रक्षण केलेले नाही. ज्या पुण्यात गव्हर्नर पावसाळा सुखाने काढी, त्याच पुण्यात १८९७ साली प्लेगने घरे ओस पाडली, आणि रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. हवा तीच होती. दाट वस्ती, उंदीर आणि घाण यांपुढे तिचे काही चालले नाही. आणि आता? टेकड्यांच्या कुशीत इमारती चढल्या आणि ओढ्यांचे काठ आवळले गेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यास पूर आला, शहरात व आसपास मिळून वीसहून अधिक माणसे दगावली. हवा पाहून गाव निवडणारा मनुष्य हवा उपभोगावयास येतो. ती राखण्याचे काही त्याच्याकडे आहे, हे त्याच्या गावीही नसते. चांगल्या हवेस तिच्या चाहत्यांइतका धोका दुसऱ्या कोणाकडून नाही, असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने. वाहनांस वेशीबाहेर थोपवून माथेरानने आपली हवा जशी नियमाने राखली, तसे थोपविणे मोठ्या शहरास साधत नाही.

येथे कोणी म्हणेल की, हवेचा परिणाम बुद्धीवर व कर्तृत्वावर होतो, त्याचे काय? हा पक्ष जुना आहे. एल्सवर्थ हंटिंग्टन नावाच्या अमेरिकन पंडिताने १९१५ साली 'सिव्हिलिझेशन अँड क्लायमेट' हा ग्रंथ लिहून, कोणत्या तपमानात माणसाचे शरीर उत्तम चालते व कोणत्या तपमानात डोके, याचे आकडे मांडले. ते आकडे पंडितांच्या स्वतःच्या प्रदेशास अनुकूल निघावेत, हा योगायोग नव्हे. आमच्याकडचा दाखला पाहा. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले ते पुण्यात. पण १९२६ साली त्यांनी देह ठेवला तो धुळ्यात, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळही धुळ्यातच उभे राहिले. महामहोपाध्याय मिराशी मूळचे कोकणातले. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग नागपुरात गेला आणि १९६३ साली प्रसिद्ध झालेला वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांचा ग्रंथ हे विदर्भाचेच धन आहे. गांधीजी १९३६ साली सेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, राहावयास गेले ते एप्रिलअखेर, वैदर्भी उन्हाळा ऐन भरात असताना. हवामान खात्याचीच गोष्ट घ्या. त्याची मुख्य कचेरी १९२८ साली थंड सिमला सोडून पुण्यास आली, म्हणून पुणेकर त्या जागेस अद्याप 'सिमला ऑफिस' म्हणतात; आणि १९४४ साली ती तेथूनही दिल्लीस गेली. दिल्लीचा उन्हाळा हवापालटासाठी कोणी निवडल्याचे आम्ही ऐकलेले नाही. ज्यांचा धंदाच हवेचा, त्यांनीही गाव ठरविताना हवा पाहिली नाही.

सुखाचा हिशेबही तपासून झाला आहे. डॅनियल कानेमान व डेव्हिड श्केड या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांस त्यांच्या समाधानाविषयी प्रश्न विचारले आणि १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्धे विद्यार्थी कॅलिफोर्नियाच्या सुखद हवेत राहणारे, अर्धे मध्य-पश्चिम भागातील कडक हिवाळ्याचे. दुसऱ्या प्रदेशातील आपल्यासारखा मनुष्य किती समाधानी असेल, या प्रश्नावर दोन्ही गटांनी कॅलिफोर्नियास कौल दिला. स्वतःच्या समाधानाविषयी मात्र दोन्ही गटांची उत्तरे सारखी आली. कारण उघड आहे. गाव निवडताना आपण हवेचा विचार करतो. गावात राहताना दिवसातून दोन मिनिटेही करीत नाही. त्या वेळी मनात असते ती प्रकृती, मुलांची पत्रे, शेजारणीचा अबोला, भाजीचा भाव. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगाच नव्हे. डोंगरावर घर केलेल्या मनुष्यास डोंगर दिसतच नाही.

यावर विदर्भवासी वाचक रागावून विचारील : '४५ अंशांत मे महिना काढून पाहा, मग लिहा.' हा आक्षेप योग्य आहे आणि त्यास उत्तर देणे आमच्यावर बंधनकारक आहे. उन्हाळे पूर्वीपेक्षा कडक होत चालले आहेत, आणि उष्म्याने माणसे मरतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ती कोणती माणसे? १९९५ च्या जुलैत शिकागो शहरात उष्म्याची लाट आली आणि ७०० हून अधिक माणसे दगावली. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांची तुलना केली आहे. दोहोंत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ होते, ऊन तर एकच होते. तरी एका वस्तीत मृत्यूचे प्रमाण दुसरीच्या कित्येक पटींनी अधिक निघाले. जेथे दुकाने चालू होती, रस्त्यावर माणसांची वर्दळ होती, म्हातारी माणसे चार पावले बाहेर पडत होती, तेथे लोक वाचले. जेथे रस्ते ओसाड होते, तेथे म्हाताऱ्यांनी दारे लावून घेतली आणि ते बंद दारांआड गेले.

सुज्ञ वाचकांनी या गोष्टीचा नीट विचार करावा. ज्या आई-वडिलांस आपण 'हवा चांगली' म्हणून परगावच्या सातव्या मजल्यावर नेऊन ठेवतो, त्यांचे दार तेथे कोण वाजविणार आहे? जुन्या गावी दूधवाला, समोरचा दुकानदार, देवळात रोज भेटणारी चार माणसे, घरी येऊन नाडी पाहणारा डॉक्टर असा एक अदृश्य पहारा त्यांच्याभोवती होता. एक दिवस दिसले नाहीत तर कोणी तरी चौकशीस येई. तो पहारा मोडून त्यांच्या हाती आपण चार अंश कमी तपमान देतो, आणि त्यास सुख म्हणतो! सत्तरीच्या मनुष्यास नवा शेजार जोडणे किती जड जाते, हे मुलांस कळत नाही. आणि ज्यांस कळते ते मुलांच्या भिडेने बोलत नाहीत.

उरला प्रश्न उन्हाचा. आकाशातली हवा आपल्या हाती नाही. पण गावातली आणि घरातली हवा बरीचशी आपल्याच हातची आहे. जाड भिंतींचे, कौलारू, पुढे-मागे अंगण असलेले घर, दारात कडुनिंब, खिडकीस वाळ्याचे पडदे, उन्हे उतरल्यावर अंगणात सडा आणि रात्री उघड्यावर बाज, एवढ्या सामग्रीवर वऱ्हाड-नागपूरच्या कित्येक पिढ्यांनी उन्हाळे काढले. आता तेथेही पश्चिमेस काचा लावलेली सिमेंटची खुराडी उठतात. पुढे ती थंड करण्यास यंत्रे बसतात, आणि यंत्रे आतली उष्णता बाहेर रस्त्यावर टाकतात. येथे दोष विदर्भाचा की बांधणाऱ्याचा? अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात उष्म्याने मोठी प्राणहानी झाली. तेथील लोकांनी शहर सोडले नाही. महापालिकेने २०१३ साली आगाऊ इशारा, पिण्याचे पाणी, दवाखान्यांची तयारी यांची योजना आखली, आणि ती पुढे इतर शहरांस कित्ता झाली. गाव बदलण्यापेक्षा गाव सुधारणे शक्य आहे, हे एका तापलेल्या शहरानेच दाखविले.

पण सुधारण्याचा आग्रह धरणार कोण? येथेच आमच्या तक्रारीचे मूळ आहे. वीटभट्टीवरील मजूर, कापूस वेचणारी बाई, हातगाडीवाला यांस हवा निवडता येत नाही. त्यांच्या डोक्यावर गावचे ऊन पुरेपूर पडते. त्यांच्या वतीने नगरपालिकेत अर्ज लिहिणारा, रस्त्याचे झाड तोडू लागले असता हटकणारा, तळ्यात भर पडू लागली असता वर्तमानपत्रात पत्र पाठविणारा असा जो शिकलेला वर्ग, तोच आपली पेन्शन घेऊन चांगल्या हवेच्या गावी निघून जातो. मागे राहिलेले गाव अधिक तापते; ज्या गावी तो जातो तेही त्याच्या गर्दीने तापते. एका कुटुंबाच्या दृष्टीने शहाणपणाची वाटणारी निवड साऱ्यांनी केली म्हणजे दोन गावे बिघडतात.

म्हणून आमची सूचना अशी. गाव निवडावयाचे असेल तर प्रथम विचारावे की, तेथे पाणी कोठून येते आणि आणखी वीस वर्षे येईल काय. मग विचारावे की, आपण दोन दिवस दिसलो नाही तर दार वाजविणारे तेथे कोणी आहे काय. मग दवाखाना, वाचनालय आणि बाजार यांपर्यंत सावलीतून पायी जाता येते काय, ते पाहावे. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मनासारखी आली, तर चौथा प्रश्न हवेचा खुशाल विचारावा. आणि ज्यांच्या जुन्या गावी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे अद्याप बरी आहेत, त्यांनी घर विकावयाची घाई न करता येत्या मृगात दारापुढे एक कडुनिंब लावावा. तो सावली देऊ लागेपर्यंत आपण असू की नसू, हा हिशेब ज्यांनी पूर्वी झाडे लावली त्यांनी केला नव्हता.